पंचवीस जणांचं ऑफिस व्हर्च्युअल डेस्कटॉपवर कसं न्यावं

व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये टेबलावरचा मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस तेच राहतात. विंडोज, टॅली, एक्सेल आणि फायली मात्र टेबलाखालच्या सीपीयूत नसतात, डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर असतात. तिथून तुमच्याकडे येतं ते स्क्रीनचं चित्र आणि आवाज. इथून तिकडे जातात कीबोर्डचे ठोके आणि माऊसच्या हालचाली. नेट मध्येच गेलं तर काम बंद पडत नाही, फक्त दिसेनासं होतं. परत जोडलात की अर्धवट टाईप केलेली ओळ होती तिथेच सापडते.

पडद्यामागे तीन गोष्टी चालतात. हायपरवायझर एका दणकट मशीनची अनेक छोटी मशीन करतो. ब्रोकर कोण आलंय ते तपासून त्याला कुठल्या मशीनवर बसवायचं ते ठरवतो. आणि चित्र पोचवण्याचं काम प्रोटोकॉल करतो: मायक्रोसॉफ्टचा आरडीपी, सिट्रिक्सचा एचडीएक्स किंवा ऑम्निसा होरायझनचा ब्लास्ट. होरायझन पूर्वी व्हीएमवेअरचं होतं, २०२४मध्ये ते ऑम्निसा नावाने वेगळं झालं. जुन्या कोटेशनवर जुनंच नाव असेल तर गोंधळू नका.

हा लेख १५ ते ४० माणसांच्या ऑफिससाठी आहे. सीएची फर्म, क्लिअरिंग एजंट, विमा ब्रोकर, छोटी ट्रेडिंग कंपनी; ऑफिस फोर्टला किंवा अंधेरीला आणि माणसं विरार, डोंबिवली, पनवेलहून येणारी. अशा ऑफिसात सर्व्हर उभा करणं हा सोपा भाग असतो, तो वेंडर करून देतो. घोडं अडतं ते टेबलाच्या बाजूला: डीएससी टोकन (डिजिटल सहीचं यूएसबी), डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, मराठी टायपिंग आणि सकाळचं लॉगिन. त्यामुळे खाली जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

## कशासाठी करायचं, कशासाठी नाही

डेटा लॅपटॉपवर राहत नाही, हे सगळ्यात मोठं कारण. लॅपटॉप लोकलमध्ये विसरला तर नुकसान लॅपटॉपच्या किमतीएवढंच. दुसरं कारण मुंबईचंच आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला; तेवढा नाही पडला तरी दर पावसाळ्यात दोन-चार दिवस गाड्या बंद असतात. त्या दिवशी घरून तेच डेस्कटॉप उघडता येतं. तिसरं कारण, विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि ज्या जुन्या पीसींवर विंडोज ११ बसत नाही ते नुसतं चित्र दाखवण्याच्या कामी अजून चार वर्षं सहज येतात. मात्र त्यांवर विंडोज १० तसंच ठेवू नका. लिनक्सवर चालणारी हलकी थिन क्लायंट प्रणाली टाका, नाहीतर दार कुलूपबंद आणि खिडकी उघडी असा प्रकार होतो.

स्वस्त पडतं म्हणून मात्र करू नका. पीसी एकदा घेतला की पाच वर्षं त्याचं भाडं द्यावं लागत नाही. इथे दर महिन्याला बिल येतं. सोय, सुरक्षितता आणि सांभाळायला सोपं हे फायदे खरे आहेत. बचत झालीच तर ती शिस्तीने मिळते, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

## १. आधी मोजणी

कोटेशन मागवण्याआधी एका एक्सेल शीटमध्ये प्रत्येक खुर्चीची एक ओळ भरा: कोण, काय काम, कुठली सॉफ्टवेअर, किती ते किती वाजेपर्यंत, घरून करतात का, आणि पीसीला काय काय जोडलेलं आहे. शेवटचा रकाना प्रत्येक टेबलापाशी स्वतः जाऊन भरा. विचारून भरलात तर पेटीएवढा स्कॅनरही लोक सांगायला विसरतात.

टास्क मॅनेजर उघडून कामाच्या ऐन वेळी प्रत्येक पीसीवर किती रॅम वापरली जाते ते आठवडाभर टिपा. मग माणसांचे तीन गट करा. हलके म्हणजे एकाच सॉफ्टवेअरमध्ये नोंदी करणारे. मध्यम म्हणजे एक्सेल, आउटलुक आणि क्रोमचे दहा टॅब. जड म्हणजे लाखभर ओळींच्या शीटा आणि चार पोर्टल एकदम उघडी ठेवणारे. ऑटोकॅड किंवा व्हिडिओ एडिटिंगवाल्याला यात ओढू नका. त्याला ग्राफिक्स कार्डवालं मशीन लागतं आणि ते एकटंच बाकी सगळ्यांच्या बिलाला भारी पडतं.

हाताशी ठेवायच्या गोष्टी:

- प्रत्येक सॉफ्टवेअरचं परवानापत्र किंवा बिल, मल्टियूझर आहे की सिंगल ते लिहिलेलं
- इंटरनेटची बिलं, त्यावरचा अपलोडचा वेग आणि स्टॅटिक आयपी आहे की नाही
- कंपनीचं जीएसटी प्रमाणपत्र आणि डोमेनचा (वेबसाईट आणि ईमेलच्या पत्त्यातल्या नावाचा) ताबा कोणाकडे आहे ती माहिती
- प्रिंटर आणि स्कॅनरचे मॉडेल क्रमांक
- डीएससी टोकनांचे प्रकार आणि ती कोणाच्या ताब्यात असतात त्याची यादी
- सध्याच्या बॅकअपची एक प्रत, प्रत्यक्ष रिस्टोर करून पाहिलेली

डोमेनचा ताबा ही मामुली बाब वाटते. पण बऱ्याच ऑफिसांचं डोमेन कधीकाळी वेबसाईट करून देणाऱ्याच्या नावावर असतं आणि तो फोन उचलत नाही. हे काम पहिल्या दिवशी सुरू करा.

## २. तीन वाटा

पहिली वाट स्वतःचा सर्व्हर. ऑफिसात किंवा ऐरोली, महापे, चांदिवलीच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या जागेत विंडोज सर्व्हर ठेवायचा आणि रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस चालवायच्या. एकदाच मोठा खर्च, पण डिस्क बिघडली की धावपळ तुमची.

दुसरी वाट अझ्युअर व्हर्च्युअल डेस्कटॉप. २०१९मध्ये विंडोज व्हर्च्युअल डेस्कटॉप या नावाने सुरू झालं, २०२१मध्ये नाव बदललं. मशीन जितके तास चालू तितके पैसे. एकाच विंडोज ११वर अनेक जण एकदम काम करतात, त्यामुळे माणशी खर्च कमी येतो.

तिसरी वाट माणशी ठरावीक मासिक भाडं. विंडोज ३६५ यातलं. ॲमेझॉन वर्कस्पेसेसमध्ये मासिक आणि तासाचा असे दोन्ही दर मिळतात. एकाला एक मशीन, हिशेब सोपा.

निवडताना एकच प्रश्न आधी विचारा: सगळ्यांची सॉफ्टवेअर सारखी आहेत का? वीस जण टॅली, एक्सेल, क्रोम एवढंच वापरत असतील तर त्यांना सामायिक मशीन द्या. उरलेल्या पाचांना त्यांच्या खास सॉफ्टवेअरसाठी आणि डिजिटल सहीसाठी प्रत्येकी स्वतंत्र मशीन द्या. ‘सगळ्यांना सारखंच’ हा हट्ट महाग पडतो. माझं मत विचाराल तर ज्या ऑफिसात आयटीचा पगारी माणूस नाही त्यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेचं मिश्रण करावं. स्वतःच्या सर्व्हरचा मोह टाळावा.

## ३. परवाने: इथे बहुतेक जण फसतात

लॅपटॉपबरोबर आलेला विंडोजचा ओईएम परवाना त्या लॅपटॉपपुरताच असतो, व्हर्च्युअल मशीनला चालत नाही. अझ्युअर व्हर्च्युअल डेस्कटॉपसाठी माणशी मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियम, ई३, ई५ यांसारखा हक्क देणारा परवाना लागतो. सामायिक मशीनवर मायक्रोसॉफ्ट ऑफिस (वर्ड, एक्सेल) चालवायचं तर ‘शेअर्ड कॉम्प्युटर ॲक्टिव्हेशन’ असलेली योजना हवी. बिझनेस प्रीमियममध्ये ते आहे, बिझनेस स्टँडर्डमध्ये नाही. स्टँडर्डवर काम सुरू केलंत की वर्ड, एक्सेल परवाना नसल्याचा निरोप दाखवतात आणि वेंडर म्हणतो, वरची योजना घ्या.

स्वतःच्या विंडोज सर्व्हरवर दोनपेक्षा जास्त माणसं बसवायची तर प्रत्येकासाठी रिमोट डेस्कटॉपचा कॅल परवाना लागतो. तो न घेताही १२० दिवस सगळं नीट चालतं, आणि सापळा इथेच आहे. चार महिने कोणी तक्रार करत नाही, मग एका सकाळी कोणालाच आत जाता येत नाही. कॅल दोन प्रकारचे असतात, माणशी आणि मशीनशी, म्हणजे ज्या पीसीवरून आत येता त्या प्रत्येकामागे एक. तुमचा सर्व्हर ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेनमध्ये (सगळी खाती एका जागी सांभाळणारी विंडोजची व्यवस्था) नसेल, नुसत्या वर्कग्रुपवर असेल, तर माणशी कॅल चालत नाहीत. विंडोज सर्व्हर २०१९ या आवृत्तीपासून अशा वेळी तासाभराने सेशन बंद करण्याची सूचना येते आणि ते खरंच बंद होतं. वर्कग्रुप असेल तर मशीनशी कॅल घ्या. फुकटात मल्टियूझर करून देणारी पॅच फाईल कोणी आणली तर हात जोडून परत पाठवा.

टॅलीचा सिल्व्हर परवाना एका माणसासाठी आहे, अनेकांना गोल्ड लागतो. इतर सॉफ्टवेअरवाल्यांना लेखी विचारा: व्हर्च्युअल मशीनवर परवाना चालतो का, आणि मशीन नव्याने बनवलं की तो पुन्हा सक्रिय करावा लागतो का.

## ४. इंटरनेट

मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शनानुसार हलक्या कामाला माणशी १.५ एमबीपीएस, मध्यमला ३, जड कामाला ५ धरतात. पंचवीस मध्यम माणसांना ७५ लागतील, तेव्हा १०० एमबीपीएसची लाईन पुरते. पण वेगापेक्षा उशीर जास्त छळतो. कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंतचा वेळ १५० मिलिसेकंदांच्या वर गेला की टायपिस्ट वैतागते.

म्हणून मशीन भारतातच घ्या. अझ्युअरचा सेंट्रल इंडिया विभाग पुण्याला आहे, ॲमेझॉनचा मुंबई विभाग २०१६पासून आहे. मुंबईहून या दोन्हींना चांगल्या लाईनवर वीसेक मिलिसेकंदांच्या आत उत्तर मिळायला हवं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जाऊन यायला २००च्या आसपास लागतात. वेंडरने दर कमी म्हणून मशीन तिकडे टाकलं असेल तर पहिल्याच दिवशी ‘हे स्लो आहे’ अशी बोंब होते आणि कारण शेवटपर्यंत कोणाला कळत नाही. कोटेशनवर विभागाचं नाव लिहून घ्या.

दुसरी लाईन हवीच, आणि ती वेगळ्या कंपनीची असून भागत नाही. वाट वेगळी हवी. अनेक बिल्डिंगांत दोन कंपन्यांच्या केबल एकाच डक्टमधून येतात आणि पावसाळ्याआधीच्या खोदकामात दोन्ही एकदम तुटतात. एक फायबर जमिनीतून असेल तर दुसरी गच्चीवरून येणारी किंवा ५जी राउटर घ्या. ड्युअल वॅन राउटर (दोन लाईन जोडता येणारा) लावला की लाईन बदलताना सेशन क्षणभर तुटतं आणि परत जोडलं जातं. राउटर आणि स्विच यूपीएसवर ठेवा. वीज गेली, पीसी यूपीएसवर आहे आणि राउटर नाही, असं ऑफिस दर दोन बिल्डिंगांत एक सापडेल.

घरून काम करणाऱ्यांची तपासणी फोनवर करता येते. आधी घरच्या राउटरला पिंग करायला, म्हणजे उत्तर किती वेळात येतं ते मोजायला सांगा. तिथेच वीस मिलिसेकंदांच्या वर आकडे उड्या मारत असतील तर दोष वायफायचा. ५ गिगाहर्ट्झवर जा किंवा केबल लावा. राउटर ठीक आणि पुढे गडबड असेल तर केबलवाल्याला धरा.

## ५. मशीन केवढं घ्यायचं

सामायिक विंडोजवर एका व्हर्च्युअल कोअरवर मध्यम कामाची चार माणसं बसतात, जड कामाची दोन. या हिशेबाने पंचवीस जणांना आठ कोअर पुरतील असं वाटतं, पण प्रत्यक्षात रॅम आधी संपते, आणि ती क्रोम खातो. माणशी ३ जीबी आणि विंडोजला ४ जीबी धरा.

एक मोठं मशीन घेण्याऐवजी आठ कोअर आणि ६४ जीबीची दोन घ्या. तेरा जणांना ४३ जीबी लागते, म्हणजे रोज आरामात चालतं. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर सगळे कुथत का होईना काम करतात. स्वतंत्र मशीनवाल्यांना दोन कोअर आणि ८ जीबी द्या. ४ जीबीत विंडोज ११ सुरू होतं, काम होत नाही.

डिस्क एसएसडीच घ्या. लॉगिनच्या वेळी डिस्कवर जो ताण येतो तो दिवसभराच्या कितीतरी पट असतो. सोसायटीत सकाळी सहाला सगळ्यांनी एकदम नळ सोडला की वरच्या मजल्यावर जशी धार बारीक होते, तसंच दहा वाजता लॉगिनचं होतं. लोकल उशिरा आली की तर पंधरा जण एकाच मिनिटात बसतात. उपाय साधा आहे: मशीन नऊलाच चालू होतील असं वेळापत्रक लावा आणि अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी दुपारी जेवणाच्या वेळेत ठेवा, सकाळी नको.

## ६. मूळ प्रतिमा तयार करणं

सामायिक मशीन एका साच्यातून निघतात. त्याला गोल्डन इमेज म्हणतात. तो बनवण्याचा क्रम:

कोऱ्या मशीनवर विंडोजचे सगळे अपडेट घ्या. प्रत्येक सॉफ्टवेअर ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ टाका. एकट्या ॲडमिनसाठी टाकलेलं इतरांना दिसत नाही. हाच नियम फाँटलाही लागू. मग टाईम झोन बघा. क्लाउडमधली मशीन सहसा यूटीसीवर असतात, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. पहाटे पाचला कोणी नोंद केली तर तिच्यावर कालची तारीख पडते, आणि लॉगमधल्या वेळा कशाशीच जुळत नाहीत. भारतीय प्रमाणवेळ साच्यातच लावा.

सिसप्रेप (मशीनची स्वतःची ओळख पुसून त्याचा साचा करणारं विंडोजचं साधन) चालवण्याआधी स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची जशीच्या तशी प्रत घ्या. अझ्युअरवर असं ओळख पुसलेलं (जनरलाईझ केलेलं) मशीन पुन्हा सुरू करून वापरता येत नाही. पुढच्या महिन्यात अपडेट करायला तुम्हाला हाच स्नॅपशॉट लागेल. सिसप्रेप मध्येच थांबला तर बहुधा स्टोअरमधून आलेलं एखादं ॲप एका वापरकर्त्यासाठीच टाकलेलं असतं. लॉगमध्ये त्याचं नाव असतं, ते काढा आणि पुन्हा चालवा. साच्यात ग्राहकांचा डेटा, कोणाचं लॉगिन किंवा मशीनची नोंदणी झालेला अँटिव्हायरस ठेवू नका, नाहीतर सगळी मशीन कन्सोलमध्ये एकाच नावाने दिसतात.

## ७. माणसाचं सामान वेगळं, दप्तराचं वेगळं

सामायिक मशीनवर आज एक मशीन मिळेल, उद्या दुसरं. तरी स्वतःचं वॉलपेपर, आउटलुक आणि बुकमार्क जिथले तिथे दिसतात, कारण एफएसलॉजिक्स नावाचं मायक्रोसॉफ्टचं साधन प्रत्येकाचं प्रोफाईल एका व्हर्च्युअल डिस्कमध्ये ठेवून लॉगिनच्या वेळी जोडतं. तिचा मूळचा आकार ३०,००० एमबी असतो. या फायली अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळा.

कोणी ‘माझ्या सगळ्या फायली गेल्या’ म्हणून ओरडलं तर घाबरू नका. बहुतेक वेळा प्रोफाईलची डिस्क जोडली गेलेली नसते आणि तात्पुरतं कोरं प्रोफाईल उघडलेलं असतं. कारण एक तर फोल्डरच्या परवानग्या चुकलेल्या, नाहीतर त्याचं आधीचं सेशन दुसऱ्या मशीनवर अजून उघडं. त्या कोऱ्या प्रोफाईलमध्ये काम करू देऊ नका, लॉगऑफ करताच ते पुसलं जाऊ शकतं.

टॅलीचा डेटा प्रोफाईलमध्ये नको, सामायिक ड्राईव्हवर हवा, आणि तो ड्राईव्ह मशीनच्याच डेटा सेंटरमध्ये हवा. टॅली पुण्याच्या क्लाउडमध्ये आणि डेटा फोर्टच्या ऑफिसातल्या पीसीवर अशी जोडणी करून देणारे आहेत. त्यात एक लेजर उघडायला चहा येऊन जातो आणि लाईन तुटली की डेटा बिघडण्याचा धोका वेगळाच.

## ८. टोकन, प्रिंटर, स्कॅनर, मराठी

डीएससी टोकन. रिटर्न आणि फॉर्मवर सही करणारी युटिलिटी ज्या मशीनवर ब्राउझर उघडा आहे त्याच मशीनवर चालावी लागते. म्हणून दोन मार्ग. पहिला, सहीपुरता ब्राउझर व्हर्च्युअल डेस्कटॉपच्या बाहेर, हातातल्या लॅपटॉपवर उघडायचा. दुसरा, आरडीपीमध्ये स्मार्ट कार्ड जोडणी चालू करायची आणि टोकनचा ड्रायव्हर व युटिलिटी साच्यातच टाकायची. दुसऱ्या मार्गात एक खोच आहे. या युटिलिटी सहसा ठरावीक पोर्ट (मशीनचं क्रमांक दिलेलं दार) अडवून बसतात. सामायिक मशीनवर आधी एकाने ती उघडली की दुसऱ्याला तोच पोर्ट मिळत नाही, आणि त्याचा ब्राउझर टोकन सापडत नाही म्हणत राहतो. सही करणाऱ्यांना स्वतंत्र मशीन द्यायचं ते यासाठी.

आणखी एक, ज्यात लोक दिवस घालवतात. टोकन ऑफिसातल्या पीसीला लावून ठेवायचं आणि घरून आरडीपीने त्या पीसीवर जायचं, असं केलंत तर टोकन दिसणार नाही. ड्रायव्हर कितीही वेळा टाका. आरडीपी सेशनमध्ये विंडोज स्मार्ट कार्ड शोधतं ते तुम्ही बसलात त्या बाजूला, दूरच्या मशीनवर नाही. टोकन तिकडेच ठेवायचं असेल तर त्या पीसीचा प्रत्यक्ष पडदा दाखवणारं रिमोट सपोर्टचं सॉफ्टवेअर वापरा. ज्याची सही त्याचं टोकन त्याच्याच हातात, ही शिस्त त्याहून बरी.

प्रिंटर. आरडीपी तुमच्या पीसीचा प्रिंटर ईझी प्रिंट नावाच्या सर्वसाधारण ड्रायव्हरने आत दाखवतो. लेझरला ते उत्तम चालतं. डॉट मॅट्रिक्सवर प्रत्येक ओळ चित्र म्हणून छापली जाते, त्यामुळे चलन कासवाच्या गतीने निघतं आणि कंटिन्युअस पेपरची लांबी चुकते. त्या प्रिंटरचा खरा ड्रायव्हर सर्व्हरवर टाका, ग्रुप पॉलिसीत ईझी प्रिंटला दिलेलं प्राधान्य बंद करा आणि कागदाचा आकार सर्व्हरवर नोंदवा. नुसता मजकूर छापायचा असेल तर ‘जेनेरिक टेक्स्ट ओन्ली’ ड्रायव्हर सगळ्यात वेगवान. डिफॉल्ट प्रिंटर कुठला ते प्रत्येकाचं तपासा, पगाराच्या स्लिपा रिसेप्शनला छापून निघायला एक क्लिक पुरते.

स्कॅनर. ट्वेन (स्कॅनर सॉफ्टवेअरला जोडण्याची नेहमीची पद्धत) स्कॅनर आरडीपीतून आपोआप जात नाहीत. युएसबी ओढून नेण्याच्या खटाटोपात न पडता स्कॅनर थेट फोल्डरमध्ये किंवा मेलवर पाठवेल असं करा.

मराठी. विंडोजमधला इनस्क्रिप्ट कीबोर्ड साच्यात घाला. श्रीलिपी, आयएसएम वगैरे वापरात असेल तर तेही आतच टाका. बाहेरच्या पीसीवर चालणारं टंकन सॉफ्टवेअर आतल्या वर्डपर्यंत पोचेलच असं नाही, कारण आरडीपी सहसा अक्षर पाठवत नाही, कुठली कळ दाबली ते पाठवतो. डोंगल लागणारी जुनी आवृत्ती असेल तर ती एका साध्या पीसीवर बाहेरच राहू द्या. जुन्या फाँटमधल्या फायली उघडून, छापून बघा. नुसतं ‘उघडते’ म्हणून सोडू नका.

व्हिडिओ कॉल हाही याच यादीतला. टीम्स आणि झूमला व्हर्च्युअल डेस्कटॉपसाठी जोडणी आहे, ज्यात चित्र तुमच्याच पीसीवर उलगडतं. ती न लावता पाच जण कॉलवर बसले की सर्व्हरचा प्रोसेसर गुदमरतो.

## ९. कुलपं आणि कायदे

सर्व्हरचा ३३८९ पोर्ट (आरडीपीचं ठरलेलं दार) इंटरनेटला थेट उघडा ठेवू नका. पोर्टचा आकडा बदलून लपतही नाही. पासवर्डचा मारा करणारे बॉट काही तासांत येतात आणि रॅन्समवेअरची ही ठरलेली वाट आहे. गेटवेमधून ४४३वर (सुरक्षित वेबसाईटच्या पोर्टवर) या आणि प्रत्येकाला ओटीपी किंवा ॲपची दुसरी पायरी लावा, मालकांनाही. मालकच ‘मला नको ते’ म्हणतात आणि सगळ्यात जास्त परवानग्या त्यांच्याच खात्याला असतात.

क्लिपबोर्ड आणि घरच्या पीसीचा ड्राईव्ह जोडू द्यायचा का, हे आधीच ठरवा. मुळात डेटा बाहेर जाऊ नये म्हणून हे केलं असेल तर ड्राईव्ह बंद ठेवा.

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. कंपन्यांच्या हिशेबाच्या वह्या इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं २०२२च्या दुरुस्तीपासून बंधनकारक आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३मध्ये दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. वेंडरच्या करारात डेटा कुठे राहील आणि करार संपल्यावर तो कोणत्या रूपात परत मिळेल, हे दोन मुद्दे लिहून घ्या.

## १०. चाचणी आणि बदल

चार-पाच जणांपासून सुरुवात करा. त्यात एक तक्रारखोर, एक घरून काम करणारा आणि एक टोकनवाला हवाच. उत्साही मंडळी घेतलीत तर चाचणी पास होते आणि खरा दिवस नापास. दोन आठवडे चालवा, त्यात जीएसटीची ११ आणि २० तारीख येऊ द्या, म्हणजे खरा ताण कळेल.

सगळ्यांना हलवायचा दिवस मात्र या तारखांपासून लांब ठेवा. जुलैचा शेवट, सप्टेंबर आणि मार्च वर्ज्य. गणपतीची सुट्टी मोकळी वाटते, पण त्या दिवसांत वेंडरचा माणूस कोकणात असतो. शनिवारी डेटा हलवा, रविवारी दोघांनी बसून प्रत्येक प्रिंटरवर एक पान काढा, सोमवारी अर्ध्या लोकांना आणा. जुने पीसी महिनाभर पुसू नका, पण त्यांच्यावरचा टॅलीचा डेटा फक्त वाचता येईल असा करा. नाहीतर कोणीतरी सवयीने जुन्यातच आठवडाभर नोंदी करतो.

## ११. दर महिन्याला

बिल बघा. महिन्यात ७३० तास असतात, ऑफिस २६ दिवस रोज १० तास धरलं तरी २६० होतात. रात्री मशीन बंद राहिलं तर तासांवरचा खर्च तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो. पण अझ्युअरमध्ये विंडोजच्या आतून ‘शट डाउन’ केलं तर पैसे चालूच राहतात. पोर्टलवरून थांबवून ते ‘डीअलोकेटेड’ दिसायला हवं. त्यानंतरही डिस्कचं भाडं लागतंच. ऑटोस्केल (गरजेप्रमाणे मशीन आपोआप चालू-बंद करणारी सोय) लावा, तुटलेली सेशन दोन-तीन तासांनी आपोआप बंद होतील अशी मर्यादा घाला आणि बजेटची सूचना मेलवर घ्या. बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक आहे ना ते पहिल्याच महिन्यात तपासा, १८ टक्क्यांचं क्रेडिट त्यावर अवलंबून आहे.

साच्याला अपडेट देऊन नवी मशीन काढा आणि आधी चाचणीवाल्या पाच जणांना द्या. एक फाईल आणि एक टॅली कंपनी बॅकअपमधून खरोखर परत आणून बघा. कोणी नोकरी सोडली तर त्याच दिवशी खातं बंद करा, उघडी सेशन तोडा, प्रोफाईलची डिस्क ९० दिवसांसाठी वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा आणि परवाना मोकळा करा. हा शेवटचा भाग राहिला की सहा महिन्यांपूर्वी गेलेल्या माणसाचे पैसे भरत बसता.